प्रकल्प नोंदी: दहावीचा भूगोल आणि लॅपटॉपचा माइक

५ एप्रिल २०२५, शनिवार

काम असं: वरच्या मजल्यावरची मुलगी जूनमध्ये दहावीत जाईल. तिला दिसत नाही. भूगोलाचे नऊ पाठ सुट्टीतच ऐकून ठेवायचे आहेत. मी वाचायचं, ती ऐकणार. मोबाइलमधला यंत्राचा आवाज मराठी वाचतो, पण भूगोलाच्या पुस्तकात निम्मा जीव नकाशांत असतो आणि नकाशा आला की ते यंत्र गप्प बसतं.

साधनं: सात वर्षांचा लॅपटॉप, त्याचाच अंगचा माइक, ऑडॅसिटी (आवाज रेकॉर्ड करायचं आणि दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर). वेगळा माइक घ्यायचा नाही असं ठरवलंय. नऊ पाठांसाठी दोन-तीन हजार कशाला घालवा? लॅपटॉपवर २०२३ पासून लिनक्स आहे. विंडोज रडतखडत चालायला लागलं तेव्हा भाच्याने घालून दिलं.

पाठ २, स्थान-विस्तार, अठरा मिनिटं वाचला. इअरफोन लावून ऐकला. माझा आवाज स्वच्छ, मागे थोडी सळसळ, खाली बारीकशी घूं. चालण्यासारखं वाटलं. पाठवून दिला.

संध्याकाळी तिचा निरोप आला: "काकू, नुसता पाऊस पडतोय."

पोरीचे कान तिखट आहेत, म्हटलं. आपल्याला सळसळ वाटते ती तिला पाऊस वाटत असेल.

६ एप्रिल, रविवार

रामनवमी. पहाटे साडेपाचला उठून घरातलं जे जे वाजतं ते बंद केलं: पंखा, फ्रिज, स्वयंपाकघरातला पाण्याचा फिल्टर. भिंतीवरचं घड्याळ काढून आतल्या खोलीत उशीखाली ठेवलं. ह्यांनी डोळा उघडून विचारलं, "चोर आलाय का?" सोसायटीची मोटर सहाला सुरू होते, तिच्या आत पाच मिनिटं रेकॉर्ड केली.

कोणी बोलत नसताना पट्टीवर आवाज किती राहतो ते पाहिलं: −४२ डीबी (डेसिबल; शून्याच्या जितकं खाली तितकं शांत). बोलून दाखवायच्या पुस्तकांसाठी −६० च्या खाली हवा, हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. अठरा डीबी म्हणजे पुष्कळ झालं.

मुलीचा निरोप: "पाऊस तसाच."

८ एप्रिल, मंगळवार

कामदा एकादशी, पंचवटीत रथ. रेकॉर्डिंगचा प्रश्नच नाही. त्या वेळात माइक नेमका कुठे आहे ते शोधलं. रेकॉर्डिंग चालू ठेवून नखाने लॅपटॉपची कड हळूहळू खरडत जायचं, जिथे पट्टी उसळेल तिथे माइक. कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला टाचणीएवढं भोक आहे, तिथे उसळली. उजवीकडेही तसाच ठिपका आहे, तो दुसरा माइक असेल असं मी धरून चालले होते. तिथे खरडून काही नाही. तो कॅमेऱ्याचा दिवा निघाला.

म्हणजे माइक एकच. तरीही ऑडॅसिटीत दोन पट्ट्या येतात, डावी आणि उजवी, दोन्ही हुबेहूब सारख्या. तेव्हा याचं काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, पण ते पुढे.

९ एप्रिल, बुधवार

आज पहिला खरा धागा. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (लिनक्समध्ये आवाजाच्या पातळ्या लावायचा प्रोग्रॅम) उघडलं, एफ ६ दाबून खरं साउंड कार्ड निवडलं, एफ ४ दाबून रेकॉर्डिंगचे खांब पाहिले. 'इंटर्नल माइक बूस्ट' हा खांब टोकाला, ३० डीबीवर. शेजारचा 'कॅप्चर' मात्र अर्ध्यावर.

हे उलटं वाटलं. बूस्ट हा अगदी सुरुवातीचा ॲम्प्लिफायर, माझ्या लॅपटॉपात तरी तो जोरात लावला की आवाजाबरोबर सर्किटची स्वतःची सळसळही वर येते. बूस्ट १० वर आणला, कॅप्चर वाढवला. माझा आवाज तेवढाच राखून शांतता −४२ वरून −४९ वर गेली. सात डीबी फुकटात. (विंडोजवाल्यांनाही हे करता येतं: साउंडच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये रेकॉर्डिंग, मग माइकचे गुणधर्म, लेव्हल्स. तिथे बूस्ट बहुधा वर चढवलेला सापडतो.)

पाठ २ पुन्हा वाचला. निरोप: "पाऊस कमी झाला. पण तुम्ही खूप लांब बसून पुटपुटताय असं वाटतं."

लॅपटॉपपासून दीड फुटावर बसते मी. लांब कुठली?

११ एप्रिल, शुक्रवार

दुपारी तीनला वाचता वाचता लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, मीही वाचत राहिले. नंतर ऐकताना त्याच सेकंदाला खालची घूं कापल्यासारखी थांबलेली. सळसळ तशीच, घूं मात्र गायब. लाइट आली की परत हजर.

ऑडॅसिटीत स्पेक्ट्रम काढला, म्हणजे कुठल्या सुराला किती आवाज आहे त्याचा आलेख. चार्जर लावलेला असताना ५० हर्ट्‌झवर सुळका, १०० वर छोटा, १५० वर पुन्हा मोठा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, हे तिचंच पिल्लू. बॅटरीवर तिन्ही सुळके नाहीत, शांतता −५४.

म्हणजे आजार दोन: एक घूं आणि एक सळसळ. घूं चार्जरची.

इथे माझी ओळख द्यायला हवी, नाहीतर पुढची लाज कळणार नाही. १९८९ साली मी दूरसंचार खात्यात लागले, २००० मध्ये खात्याचं निगम (बीएसएनएल) झालं आणि २०२० च्या जानेवारीअखेर आम्ही ढिगाने स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्यातली मी एक. त्यातली बरीच वर्षं टेस्ट डेस्कवर. १९८ वर तक्रार आली की लाइन टेस्टला घ्यायची, ऐकायचं आणि फॉल्ट कुठे आहे ते लाइनमनला सांगायचं. घूं कशी ऐकायची हे मला शिकवायला नको.

१२ एप्रिल, शनिवार

चार्जरची पिन तीन पायांची. मी ती दोन पायांच्या अ‍ॅडाप्टरमध्ये खोचत होते, कारण टेबलाजवळच्या बोर्डात मोठी पिन बसत नाही. त्यामुळे अर्थिंग तुटलेलं. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून बोटाची पाठ हलकेच फिरवली की बारीक झिणझिण्या येतात, त्या यामुळेच. चार्जरच्या आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून थोडासा करंट बॉडीकडे येतो. अर्थ असेल तर निमूट जमिनीत जातो, नसेल तर बॉडी अधांतरी लटकते आणि माइकच्या नाजूक वायरीत गुणगुणते.

अ‍ॅडाप्टर काढला, दुसऱ्या खोलीतल्या थेट तीन पिनांच्या सॉकेटला लावलं. फरक शून्य. टेस्ट लॅम्पची एक वायर फेजला, दुसरी अर्थच्या भोकात घातली. दिवा लागला नाही. सॉकेटला भोकं तीन आहेत, आत वायरी दोनच. इमारत ३५ वर्षांची. वायरमनला फोन केला, "रविवारी येतो" म्हणाला. कुठल्या रविवारी ते नाही सांगितलं.

तोवर नियम: रेकॉर्डिंग फक्त बॅटरीवर. जुनी बॅटरी सव्वा तास टिकते.

१५ एप्रिल, मंगळवार

काल आंबेडकर जयंती, दिवसभर चौकात मिरवणूक आणि डीजे, त्यामुळे सुट्टी. आज शेवटचं हत्यार काढलं, ऑडॅसिटीचं नॉइज रिडक्शन. पाच सेकंद गप्प बसून नुसती सळसळ रेकॉर्ड करायची, ती निवडून 'हा नमुना धर' म्हणायचं, मग सगळा पाठ निवडून तेवढं वजा करायचं. १२ डीबी लावलं, समाधान होईना म्हणून २४ लावलं. आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला, शब्दांच्या शेपट्यांना बारीक किणकिण चिकटली. तरी हावरटपणाने पाठवला.

निरोप: "पाऊस थांबला. आता चिमण्या आहेत. तुम्ही नाहीच."

हे वाचून राग आला. दहा दिवस घासतेय.

१९ एप्रिल, शनिवार

राग गिळून वर गेले. ती गच्चीच्या दाराशी शेंगा सोलत बसली होती, मोबाइल मांडीवर. म्हटलं, "लाव बघू, मला पण ऐकव."

तिने पाठ २ लावला, मोबाइलच्या स्पीकरवर. आणि खरंच, नुसता पाऊस. त्याच्या आत, खूप लांब, बंद दाराच्या पलीकडे कोणी बाई पुटपुटतेय. ती बाई मी. हा तोच पाठ, जो मी इअरफोनवर खणखणीत ऐकला होता.

"इअरफोन लावून का नाही ऐकत गं?"

"कान बंद करून बसले तर दारात कोण आलं ते कळणार कसं?"

बरोबर आहे. मग मी माझे इअरफोन तिच्या मोबाइलला लावून दिले. ऐकून म्हणाली, "आत्ता आहात. पण मधे नाही. दोन्ही कानांच्या बाहेर कुठेतरी." एका कानातला काढायला सांगितला. "आता त्या कानात नीट आलात." दुसरा काढून पहिला घालायला सांगितला. "आता या कानात, तशाच नीट." दोन्ही घातले की पुन्हा पसरले.

मी तिच्याकडे बघत बसले. मग ती शेंग मोडता मोडता म्हणाली, "आणि त्या दिवशी कोकिळा नव्हती का? तुम्ही वाचत होतात तेव्हा ती आंब्यावर ओरडत होती, मी ऐकलं इथून. मोबाइलमध्ये नाहीये ती."

२ मिनिटं १४ सेकंदांवर कोकिळा आहे. इअरफोनवर मी ती ऐकलेली आहे, काढायची कशी याची चिंताही केलेली आहे. मोबाइलच्या स्पीकरवर तिथे नुसती सळसळ. म्हणजे मोबाइलमध्ये फक्त मी पुसली गेले नव्हते, सगळी खोली पुसली गेली होती. माइकच्या भोकातून जे जे आत गेलं, म्हणजे मी, कोकिळा आणि पंख्याची घरघर, ते सगळं गेलं. भोकाच्या अलीकडे, सर्किटात जे जन्मलं, ती सळसळ आणि घूं, तेवढं राहिलं.

मी पहाटे साडेपाचला घड्याळ उशीखाली कोंबत होते ते कशासाठी? खोलीतला एकही आवाज तिच्यापर्यंत पोचतच नव्हता.

जिना उतरता उतरता कळलं. तीस वर्षं हेच तर केलं.

२० एप्रिल, रविवार

खात्री केली. ऑडॅसिटीत पाठ २ उघडला, एक अक्षर पडद्यावर भरेल इतकं मोठं केलं. 'भारत' मधला 'भा'. डाव्या पट्टीत जिथे डोंगर, उजव्या पट्टीत तिथे बरोबर तेवढीच दरी. डावीकडे दरी तिथे उजवीकडे डोंगर. आरशात पाहिल्यासारखं. लांबून दोन्ही पट्ट्या सारख्या जाडीच्या दिसतात, म्हणून ८ तारखेला "हुबेहूब सारख्या" लिहून मोकळी झाले.

मोबाइलला स्पीकर एकच. तो डावं-उजवं मिळवून एक करतो. डोंगर अधिक दरी बरोबर सपाट मैदान. दोन्हींच्या मापात केसभर फरक असतो म्हणून पुटपुट तेवढी उरते. सर्किटातली सळसळ दोन्हींकडे आपापली, स्वतंत्र, ती एकमेकींना खोडत नाही. आणि चार्जरची घूं दोन्हींकडे एकाच बाजूने येते, तिला तर स्पीकर जसंच्या तसं पुढे पाठवतो.

आता जुना धंदा. टेलिफोनची लाइन म्हणजे एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरी. बोलणं दोघींवर उलटसुलट चालतं, एक वर तर दुसरी खाली. शेजारच्या विजेच्या तारांची घूं मात्र दोघींवर सारखीच बसते. टोकाला एकीतून दुसरी वजा केली की घूं शून्य आणि बोलणं शाबूत. मैलोन्‌मैल लाइन विजेच्या खांबांशेजारून जायची आणि तरी गावाकडच्या आईचा आवाज नीट यायचा तो या वजाबाकीमुळे. दोनांतली एक वायर कुठे जमिनीला टेकली, म्हणजे 'एक पाय अर्थ' झाला, की तोल जायचा आणि लाइन घूं करायची. ही तक्रार मी किती वेळा लिहून घेतली असेल.

लॅपटॉपचा माइकही तसाच जोडलेला आहे. एकच माइक, दोन वायरी, एकीवर सुलटा आवाज, दुसरीवर उलटा. पुढच्या चिपने वजाबाकी करायची. पण तिला कोणी सांगितलेलंच नाही. ती या दोन वायरींना डावा माइक आणि उजवा माइक समजून स्टिरिओ म्हणून पुढे ढकलते. विंडोज होतं तेव्हा कंपनीचा ड्रायव्हर हे गुपचूप निस्तरत असणार. २०२३ मध्ये तो गेला.

आणि २०२३ पासूनच व्हिडिओ कॉलवर सगळे "तुझा आवाज येत नाही, आवाज येत नाही" म्हणत होते! कॉलवर आवाज मोनो जातो, म्हणजे डावं-उजवं मिळवून एकच. मी नेटला शिव्या घातल्या, मग फोनवरूनच कॉल करायला लागले.

उपाय करून पाहिला. स्टिरिओ पट्टी तोडून दोन मोनो केल्या, उजवी निवडून इफेक्टमधला 'इन्व्हर्ट' दिला, मग दोन्ही मिसळून एक मोनो. मुद्दाम चार्जर लावून केलेल्या रेकॉर्डिंगवर हे केलं. घूं गेली. नॉइज रिडक्शन नाही, अर्थिंग नाही, सुळके स्पेक्ट्रममधून नाहीसे. आवाज जेवढ्यास तेवढा, सळसळ तीन डीबी खाली. शांतता −५७, चार्जरसकट.

पाठवला. निरोप: "आलात."

२१ एप्रिल, सोमवार

भाच्याला फोन. पहिलं वाक्य, "मावशी, तो प्रॉब्लेम खूप जुना आहे गं, माहितीये." मग दोन वर्षं सांगितलं का नाहीस? "तू कधी म्हणालीस माइक खराब आहे म्हणून? नेट खराब आहे म्हणायचीस."

त्याच्याकडून कळलेलं:

लिनक्सच्या ड्रायव्हरला असे काही लॅपटॉप ओळखता येतात. तिथे अल्सामिक्सरमध्ये 'इन्व्हर्टेड इंटर्नल माइक' असा एक जादा खांब दिसतो, तो म्यूट केला की उलटी बाजू बंद. माझं मॉडेल त्या यादीत नाही, म्हणून खांब नाही. मग हातचा उपाय: कॅप्चरच्या खांबावर उभं राहून सी दाबत राहायचं, त्याने फक्त उजवी बाजू उतरते (झेडने डावी, एक्सने दोन्ही). उजवी शून्यावर आली की खोडाखोड करायला कोणी उरत नाही.

कॉलसाठी हे लगेच केलं. बहिणीला लावून पाहिला, तिचा पहिला प्रश्न: "ओरडतेस कशाला?"

पाठांसाठी मात्र हे नको. उजवी बंद केली की वजाबाकीही गेली, आणि वजाबाकी गेली की घूं परत. रेकॉर्डिंगच्या वेळी दोन्ही बाजू उघड्या आणि सारख्या ठेवायच्या, नंतर उलटी करून मिसळायची. भाचा म्हणत होता सिस्टिममध्येच तशी सोय करून देतो. नको म्हटलं. तीन क्लिकचं काम आहे आणि काय चाललंय ते मला दिसतं.

२६ एप्रिल, शनिवार

आता ६ तारखेचा उद्योग पुन्हा, यावेळी खऱ्या कारणासाठी. खोली ऐकू यायला लागली ना! पंखा ऐकू येतो, लॅपटॉपचा स्वतःचा पंखाही. ब्राउझर बंद ठेवला तर तो फिरतच नाही. लॅपटॉप पाटावर, मागे खुर्चीच्या पाठीवर जाड गोधडी, म्हणजे भिंतीवरून आवाज परतत नाही.

आणि अंतर निम्मं केलं, ४५ सेंटिमीटरवरून २२. अंतर निम्मं की आवाज सहा डीबी वर, मग कॅप्चर तेवढा उतरवता येतो. शांतता −६३. ओलांडली एकदाची.

जवळ बसल्याचा भुर्दंड: फ, भ, ख, घ यांचा झोत थेट भोकात जातो आणि फुटतो. मराठीत महाप्राण काही कमी नाहीत. 'भारताचा भूभाग' म्हणून बघा. तोंड थोडं तिरकं, भोकाच्या बाजूला धरून वाचलं की झोत शेजारून निघून जातो. पाठ ३ आणि ४ झाले. ब्राझीलचा 'अजस्र कडा' एकदाही न फुटता गेला.

नकाशे कसे सांगायचे ते तिच्याकडूनच शिकते आहे. "वर", "खाली" चालत नाही, "उत्तरेला" हवं. आणि रंग सांगितला नाही तरी चालेल, पण सूचीत काय लिहिलंय ते आधी सांगायचं, मग नकाशा. मी उलटं करत होते.

१ मे, गुरुवार

सात पाठ पूर्ण, ८ आणि ९ बाकी. पाठ २ चौथ्यांदा वाचून काढला.

वायरमन आलेला नाही. वजाबाकीमुळे घूंचा त्रास नाही, पण झिणझिण्या आहेतच आणि सॉकेटमध्ये अर्थ नसणं हे रेकॉर्डिंगपलीकडचं प्रकरण आहे. गिझरचं सॉकेटही तपासायला सांगायचं.

संध्याकाळचा निरोप: "काकू, पाठ ६ मध्ये दोन ओळी गाळल्यात. दुसऱ्या आलेखाच्या आधी. तिथे पान उलटल्याचा आवाज आहे, त्यानंतर वाक्य जुळत नाही."

पुस्तक काढून पाहिलं. दोन पानं एकदम उलटली गेली, परत मागे आले, पण मधल्या दोन ओळी राहिल्या. उद्या सकाळी घंटागाडीच्या आधी तेवढ्या भरून काढायच्या.